पोथीची परवानगी मागू नकोस

मित्रा,

तुझी वही वाचली. शिखंडी, मोहिनी, खजुराहोची शिल्पं, शेजारी लाल शाईने काढलेले श्लोक. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं पाप नाही हे पटवायला हे सगळं वडिलांपुढे मांडणार म्हणतोस. मांडू नकोस.

तू शिखंडी काढशील, ते मनुस्मृती काढतील. तिथे पुरुषाने पुरुषाशी संग केला तर अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान, असं प्रायश्चित्त आहे. मग काय, बापलेक प्रायश्चित्ताचं माप काढत बसणार? हक्क पोथीतून सिद्ध करायला गेलास की तो पोथीच्या मर्जीवर राहतो. उद्या विरोधातली ओळ सापडली, तर तू प्रेम करणं थांबवणार आहेस का?

२००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार काढून घेतली, तेव्हा त्याविरुद्ध एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संस्था, असे एरवी एका सतरंजीवर न बसणारे सगळे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१३ साली जिंकले. ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला, तो घटनेच्या जोरावर. लोकांच्या नीतीपेक्षा बाबासाहेबांनी सांगितलेली संवैधानिक नीती वरचढ, असं त्यात स्पष्ट आहे. २०२३मध्ये लग्नाचा हक्क नाकारला गेला. तोही मिळेल तर घटनेतूनच, पोथीतून नाही. किती वेळा सांगू!

माझंही घरी कळलं, तेव्हा आमच्याकडे गणपतीत भावाने आरतीचं तबक माझ्यासमोरून तसंच पुढे नेलं. मी हात पुढे केलेला होता. त्या दिवसापासून त्या घरचा उंबरा सोडला. आई गेली, तिची शेवटची वर्षं मला मिळाली नाहीत, ते दुःख आजही घशाशी येतं. लोक याला ताठा म्हणतात, म्हणोत. माफी मागितली असती तर आत घेतलं असतं. पण मी माफी कशाची मागायची होती?

वडिलांच्या तुळशीमाळेबद्दल मात्र वावगा शब्द काढू नकोस. वारीला जायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही, घटनेनेच त्यांना ती मोकळीक दिली आहे. तुलाही तीच घटना आहे. ‘बाबा, मी असा आहे,’ एवढंच सांग. ते अभंग म्हणू लागले तर ऐकून घे, पण उलट अभंग म्हणू नकोस.

आणि हे सगळं पगार सुरू झाल्यावर. घाई करू नकोस. त्याआधीच कळलं आणि घराबाहेर काढलं, तर सरळ माझ्याकडे ये. आधी फोन करायचीही गरज नाही.

तुझा,
काका