क्रूझ जहाजाच्या केबिनमध्ये घरचा एक्स्टेंशन बोर्ड वापरणे सुरक्षित आहे का?

तुम्ही विचारले आहे की केबिनमध्ये प्लग दोन-तीनच असतात, तेव्हा घरातला सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबाच्या अचानक उसळीपासून उपकरणांना वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेंशन बोर्ड सोबत न्यावा का, सर्ज प्रोटेक्टरमुळे तो साध्या बोर्डापेक्षा अधिक सुरक्षित ठरत नाही का, आणि वडिलांच्या सीपॅप यंत्राची, म्हणजे झोपेत श्वास मोकळा ठेवणाऱ्या यंत्राची, सोय कशी करावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नेऊ नका’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘उलट तोच जास्त धोक्याचा’ असे आहे, आणि मी लिहायला बसलो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नासाठी. प्रवासी जहाजांवर विद्युत अधिकारी म्हणून मी नोकरी केली आहे आणि नेमका हाच मुद्दा आमच्या घरात वर्षानुवर्षे वादाचा राहिला आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान इमारतींच्या वायरिंगची कंत्राटे घेतात. माणूस कामाला चोख आहे आणि त्यांच्या वायरिंगला मी कधी नावे ठेवणार नाही. पण एकदा क्रूझला निघताना बंदरावरच्या तपासणीत त्यांचा महागडा बोर्ड काढून घेतला गेला, आणि तेव्हापासून घरी चार माणसे जमली की भाऊजींचे एकच पालुपद असते: ‘संरक्षण देणारी वस्तूच धोकादायक म्हणून जप्त करणारे लोक वीज काय सांभाळणार? जहाजावरचा इलेक्ट्रिशियन म्हणजे दिवे बदलणारा.’ मी तेव्हा समोरच बसलेलो असतो.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल ही जमिनीशी जोडलेली असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बहुतेक जहाजांवर खरी न्यूट्रल म्हणावी अशी तार केबिनपर्यंत येतच नाही. ११० व्होल्टच्या प्लगमधल्या दोन्ही तारा जिवंत असतात आणि जहाजाच्या पोलादी सांगाड्याच्या, म्हणजे हलच्या, तुलनेत प्रत्येकीवर साधारण निम्मा दाब, म्हणजे व्होल्टेज, असतो. ही व्यवस्था मुद्दाम तशी ठेवलेली आहे. एखाद्या तारेचे इन्सुलेशन जाऊन ती हलला टेकली, तरी प्रवाहाला परतीची वाट नसल्याने तो नगण्य वाहतो, ब्रेकर पडत नाही, आणि सुकाणूची मोटर किंवा एखादा महत्त्वाचा पंप भर समुद्रात बंद पडत नाही. त्या बदल्यात पाळत ठेवावी लागते. समुद्रावरील जीवित सुरक्षेच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ करारानुसार, अर्थिंगशी न जोडलेल्या अशा वितरणावर इन्सुलेशनची पातळी अखंड तपासणारे आणि ती घसरली की आवाजाने किंवा दिव्याने सूचना देणारे उपकरण बसवणे बंधनकारक आहे.

आता सर्ज प्रोटेक्टरकडे वळू. त्याच्या पोटात मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर नावाच्या चकत्या असतात आणि त्यांचे काम धरणाच्या सांडव्याचे आहे: दाब ठरलेल्या पातळीवर गेला की जास्तीचा प्रवाह अर्थिंगकडे सोडून द्यायचा. जमिनीवर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधल्या चकतीवर दाब जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहते. जहाजावर मात्र तिच्यावर कायमच दाब असतो, आणि दुसरीकडे कुठे एक तार हलला टेकली की दुसऱ्या तारेवर हलच्या तुलनेत पूर्ण दाब चढतो. टेकणे जर ठिणग्या टाकत, तुटत-जुळत होत असेल तर दाबाच्या उसळ्या त्याच्याही वर जातात. अशा उसळ्यांनी चकती झिजत जाते. झिजलेली चकती नेहमीच्या दाबालाही थोडा प्रवाह सोडू लागते, त्याने तापते, आणि तापल्यावर आणखी सोडते.

भाऊजींचा इथला ठरलेला प्रश्न असा: ‘मग बोर्डातला कटआउट काय शोभेला असतो?’ कटआउट, म्हणजे प्रवाह वाढला की वीज तोडणारा भाग, असतो, पण तो बहुधा एकच तार तोडतो, कारण जमिनीवर फेज, म्हणजे जिवंत तार, तोडली की विषय संपतो. जहाजावर ज्या तारेला तो न्यूट्रल समजून जोडलेली ठेवतो, ती जिवंतच असते. तिच्यातून चकतीमार्गे हलमध्ये, आणि हलमधून जिथे दुसऱ्या तारेचा दोष असेल तिथून परत, असे वर्तुळ पूर्ण होते. जहाजाच्या पॅनेलमधले ब्रेकर दोन्ही तारा एकदम तोडणारे असतात, पण एवढ्याशा प्रवाहाने ते पडत नाहीत. ११० व्होल्टला एक अँपियर जरी वाहिला तरी दोन सेंटिमीटरच्या चकतीत ११० वॅट उष्णता तयार होते, आणि दहा किंवा सोळा अँपियरच्या ब्रेकरला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका जुन्या जहाजावर माझी रात्रपाळी असताना मध्यरात्र उलटल्यावर इन्सुलेशनचा अलार्म वाजला. ११० व्होल्टच्या पॅनेलवर तीन अर्थ-लॅम्प होते. तिन्ही सारखे मंद जळत असले की सारे ठीक. एखादी तार हलला टेकली की तिचा दिवा विझत जातो आणि उरलेले दोन तेजाळतात. त्या रात्री एक दिवा जेमतेम मिणमिणत होता. असा दोष शोधण्याची पद्धत कंटाळवाणी आहे: एकेक शाखा काही क्षण बंद करायची, इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरचा काटा वर चढतो का ते पाहायचे, नाही चढला तर ती पुन्हा सुरू करून पुढच्या शाखेकडे जायचे, आणि दरवेळी ज्याचे दिवे जाणार त्याला आधी कळवायचे. उघड्या डेकवरच्या दिव्यांची शाखा बंद केली तेव्हा काटा चढला. एका दिव्याच्या जंक्शन बॉक्समध्ये खारे पाणी शिरले होते. काम झाले म्हणून कोणीही चहाला गेला असता, पण काटा पूर्वीच्या जागेवर पोहोचला नव्हता, आणि आमच्या मुख्य अभियंत्यांची शिस्त अशी की काटा जागेवर येईपर्यंत कोणी खुर्चीत बसायचे नाही.

उरलेली गळती केबिनच्या एका शाखेवर निघाली. त्या वाटेतल्या केबिन एकेक करत तपासताना एका गृहस्थांनी दार उघडले आणि माझे म्हणणे ऐकून सांगितले, ‘आमचे सगळे बंदच आहे. आमचा बोर्ड तर संध्याकाळीच बंद पडला, म्हणून आम्ही चार्जर काढून ठेवले.’ बोर्ड सोफ्यामागे होता, पडद्याची कड त्यावर लोळत होती. रीसेटचे बटण बाहेर आलेले, हिरवा दिवा विझलेला, एकही उपकरण जोडलेले नाही. पण प्लग भिंतीतच होता. मी हाताची मागची बाजू बोर्डाला लावली आणि लगेच मागे घेतली. तारेच्या बाजूचे प्लॅस्टिक तपकिरी पडून आत खचले होते. प्लग उपटल्याबरोबर वॉकी-टॉकीवर सहकाऱ्याचा आवाज आला की काटा जागेवर आला. प्रवाशाच्या दृष्टीने बंद पडलेली वस्तू तासन् तास आतल्या आत भाजत होती, आणि ती तशी भाजण्याचे कारण तिच्यापासून कित्येक डेक वर, एका भिजलेल्या जंक्शन बॉक्समध्ये होते.

ही हकीकत ऐकल्यावर भाऊजी म्हणाले, ‘बोर्डच फालतू कंपनीचा असेल.’ असेलही. परंतु अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये ०३-१३ क्रमांकाची सुरक्षा सूचना याच विषयावर काढली, कारण एका जहाजावर जवळजवळ एकाच वेळी दोन वेगवेगळ्या केबिनमध्ये आगी लागल्या होत्या आणि दोन्हींच्या मुळाशी सर्ज प्रोटेक्टर निघाले. दोन खोल्यांतल्या दोन बोर्डांनी एकाच वेळी फालतू ठरायचे ठरवले होते, असे कोणाला वाटत असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दोष बोर्डाच्या दर्जात शोधण्यापेक्षा, जमिनीसाठी आखलेली वस्तू जमीनच नसलेल्या ठिकाणी जोडण्यात शोधला पाहिजे.

आगीबाबत जहाजवाले अतिरेक करतात, ही तक्रारही मी पुष्कळ ऐकली आहे. मार्च २००६ मध्ये जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर बाल्कनीत आग लागली, बहुधा टाकून दिलेल्या सिगारेटमुळे; ती एका बाल्कनीतून दुसरीत पसरत गेली, एका प्रवाशाचा जीव गेला, आणि त्यानंतर बाल्कनीतल्या सामानासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम बदलावे लागले. त्या आगीचा विजेशी संबंध नव्हता, पण समुद्रात अग्निशामक दलाला फोन करता येत नाही आणि आग विझवणारे लोक म्हणजे तुमच्या केबिनची झाडलोट करणारे व आमच्यासारखे कर्मचारीच असतात, हे लक्षात घेतले तर इस्त्री, किटली आणि बोर्ड यांवरची बंदी अतिरेक वाटणार नाही.

साध्या, सर्ज प्रोटेक्टर नसलेल्या बोर्डाचा धोका वेगळा आणि सरळ आहे, तो म्हणजे भार. १५०० वॅटचा हेअर ड्रायर ११० व्होल्टवर जवळजवळ १४ अँपियर ओढतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि तार वेटोळे करून गालिच्याखाली सारली असेल तर ती उष्णता बाहेर पडायला जागाच उरत नाही. बोर्डाला बोर्ड जोडणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. उलट चार फोन आणि एक लॅपटॉप मिळून दीडशे वॅटही होत नाहीत, म्हणून माझे स्पष्ट मत असे की तुम्हाला बोर्डाची गरजच नाही. १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेला, चार-पाच यूएसबी तोंडांचा एक चांगला चार्जर न्या, तो एका प्लगमध्ये लावा आणि विषय मिटवा. केबिनमध्ये बहुधा अमेरिकन पद्धतीचा चपट्या पिनांचा आणि युरोपीय पद्धतीचा गोल पिनांचा असे दोन्ही प्लग असतात, तेव्हा जो तुमच्या चार्जरला बसत नसेल त्यासाठी साधा पिन बदलणारा ॲडॉप्टर ठेवा. मात्र तोही सर्ज प्रोटेक्टरवाला नको. बाथरूममधल्या दाढीच्या यंत्राच्या प्लगमागे अगदी लहान ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर दाढीच्या यंत्राखेरीज काही लावू नका.

वस्तूत सर्ज प्रोटेक्टर आहे की नाही हे ओळखायचे असेल तर खोक्यावर किंवा मागच्या बाजूला ‘जूल’ हे एकक, ‘सर्ज’ हा शब्द किंवा यूएल १४४९ हा मानक क्रमांक दिसतो का ते पाहा. नुसते रीसेटचे बटण असणे म्हणजे सर्ज प्रोटेक्टर असणे नव्हे; ते जास्त भारापासून वाचवणारे बटण असते आणि ते असलेले चांगलेच. भाऊजींशी माझे एकमत होणारा हा बहुधा एकमेव मुद्दा असेल.

वडिलांच्या सीपॅपबद्दल: तिकीट काढल्यावर लगेच कंपनीच्या विशेष गरजा पाहणाऱ्या विभागाला लेखी कळवा आणि पलंगाजवळ पोहोचेल अशी एक्स्टेंशन तार जहाजाकडूनच मागा. बहुतेक कंपन्या ती देतात, आणि आधी सांगितले असेल तर डिस्टिल्ड वॉटरचीही सोय करतात. ती तार त्या जहाजासाठी तपासलेली असते. काही केबिनमध्ये दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढले की प्लगही मरतात, म्हणून रात्री कार्ड खाचेत आहे याची खात्री करा. तार पलंग ते बाथरूम या वाटेत आडवी येऊ देऊ नका. रात्री हलत्या जहाजावर वयस्कर माणसाचा पाय अडकणे हा कोणत्याही शॉकपेक्षा जास्त संभवणारा अपघात आहे. यंत्राच्या मॉडेलप्रमाणे त्यातला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर किती वीज घेतो ते तुमचे तुम्हीच त्याच्या ॲडॉप्टरवर पाहा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळी जहाजे अर्थिंगविरहित नसतात, काहींच्या केबिनमधला पुरवठा घरासारखाच अर्थिंगशी जोडलेला असतो. पण प्लगकडे पाहून प्रवाशाला ते ओळखता येत नाही. नव्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये चकती तापली की तोडणारा थर्मल फ्यूज असतो, त्यामुळे मी पाहिले तसे प्रत्येक वेळी होईलच असे नाही. शिवाय नियम कंपनीगणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात: रॉयल कॅरिबियनने २०२४ मध्ये साध्या मल्टिप्लगवरही बंदी घातली, तर कार्निव्हल सर्ज प्रोटेक्टर नसलेला बोर्ड जपून वापरण्याच्या अटीवर चालू देत आलेली आहे. म्हणून निघण्याच्या आठवड्यात तुमच्या कंपनीची निषिद्ध वस्तूंची यादी पुन्हा वाचा. आणि बोर्ड चुकून सामानात आलाच असेल तर तपासणीच्या टेबलावर आपणहून काढून द्या. ते पावती देतात आणि सहसा उतरताना तो परत करतात. कपड्यांत गुंडाळून आत नेलेला बोर्ड क्ष-किरणांत दिसतोच, आणि मग तुमची बॅग केबिनच्या दाराशी येण्याऐवजी सुरक्षा कक्षात जाते व पहिली संध्याकाळ तुम्हाला तिथल्या रांगेत काढावी लागते.