अक्षर वाईट, फॉन्ट बरा

प्रश्न (पत्र संक्षिप्त): मुलगा बारावी सायन्सला आहे, दहावीला 81 टक्के. अक्षर इतकं खराब की रोज दोन पानं शुद्धलेखन लिहून घेते. आता त्याने स्वतःच्याच अक्षराचा फॉन्ट बनवलाय आणि त्यातच करिअर करायचं म्हणतो. ज्याला धड लिहिता येत नाही त्याला तिथे कोण विचारणार? प्रिंट सोबत जोडली आहे. – एक आई

उत्तर: ताई, तुमच्या मूळ पत्रात गुणांबद्दल एक वाक्य आहे आणि अक्षराबद्दल अकरा. मी मोजली. बारावीच्या वर्षात मुलाला रोज दोन पानं गिरवायला लावणं म्हणजे शिक्षा झाली. ज्या अक्षरावरून बोलणी खाल्ली त्याचाच त्याने फॉन्ट केला! मुलाची मला मुळीच काळजी वाटत नाही. त्या दोन पानांची वाटते.

फॉन्टसाठी मोत्यासारखं अक्षर लागतं, हा तुमचा गैरसमज. वळणदारपणा हा सुलेखनाचा प्रांत. सहज खरडल्यासारख्या फॉन्टमध्ये कुणीतरी घाईघाईत चिठ्ठी लिहिलीय असं वाटावं लागतं, आणि तरी सगळी अक्षरं एकाच हातची दिसावी लागतात. 1994 साली मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कॉनेअर यांनी कॉमिक सॅन्स काढायला घेतला, कारण एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमन या पुस्तकी फॉन्टमध्ये बोलत होता! पुढे लोकांनी तो गंभीर नोटिसांवरही चिकटवला आणि शिव्या खाल्ल्या फॉन्टने. कॉमिकचे फुगे, मुलांच्या वर्कशीट, घरगुती आमंत्रणं ही त्याची जागा.

आता प्रिंटबद्दल. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा उजवीकडे जराशी चढते, त्यामुळे शब्दाला पायऱ्या पडल्यात. ‘ण’ कलंडलाय, पण दरवेळी तेवढाच. मला आवडलं. खोट वेगळीच आहे. ‘लक्षात’ या शब्दात पाय मोडका क आणि शेजारी अख्खा ष छापून आलाय, कारण त्याने ‘क्ष’ काढलेलाच नाही. ‘कि’ची वेलांटी ‘णि’लाही तशीच लावलीय, ती तोकडी पडते. देवनागरीत मुळाक्षरांवर भागत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा हस्ताक्षरी फॉन्ट त्याला उघडून बघू दे, त्यात हजाराच्या वर आकार आहेत. एवढं चिवटपणे बसून काढणं त्याला जमेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला असतात तर मीही विचारात पडलो असतो.

यूसीड आणि एनआयडीची डॅट या डिझाइनच्या प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येतात. हस्ताक्षराला तिथे गुण नाहीत. निव्वळ फॉन्टवर पोट भरणारे मात्र थोडे, बहुतेक जण जोडीला ग्राफिक डिझाइन करतात. हे त्याला आत्ताच सांगा.

शुद्धलेखनाची वही उद्यापासून बंद. परीक्षा होईपर्यंत अभ्यास, आणि रविवारी तासभर ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’. पुढची प्रिंट त्यालाच पाठवू दे, तुम्ही नको.