पैसा कधी येतो ते आधी लिही

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. थायलंडमधल्या रॉय एतजवळच्या ज्या घरी तू राहतो आहेस तिथली आजी, तिच्याजवळ असलेली दोन नातवंडे, पंधरा राई भातशेती, बँकॉकच्या बाजूला कारखान्यात कामाला असलेला मुलगा, आणि आता त्याला कोरियाला धाडण्यासाठी जमीन कागदावर चढवायची बोलणी. सगळे मन लावून लिहिले आहेस. शेवटी विचारतोस, 'मावशी, या घराला गरिबीतून बाहेर काढेल असा एकच उपाय अहवालात लिहायचा आहे. कर्ज सुचवू, दुसरे पीक सुचवू, की विणकामाचा गट?'

यातले काहीही लिहू नकोस. आधी एक कागद घे, त्यावर बारा महिने मांड आणि त्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात जातो ते लिही. वर्षाला किती मिळतात हे तू पत्रात तीनदा लिहिलेस. कधी मिळतात हे एकदाही लिहिले नाहीस.

इसानमधले, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातले, वर्ष तू आता जवळून पाहतो आहेस. जमीन वाळूमिश्रित, कुठे कुठे खारवट, पाणी बहुतांशी पावसाचे. पंधरा राई म्हणजे आपले सहा एकर, ऐकायला बरे वाटते, पण राईमागे साडेतीनशे किलोच्या आसपास जास्मिन भात निघाला तर लोक समाधान मानतात. कापणी नोव्हेंबरात, विक्री डिसेंबरात, सगळ्यांची एकदमच, म्हणून भाव पडलेला. एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, मुले गावी येतात, थोडे पैसे ठेवून जातात, थोडे खर्चून जातात. मग मे उजाडतो. मेच्या मध्यावर शाळा सुरू होते: गणवेश, बूट, वह्या, गाडीभाडे. त्याच पंधरवड्यात नांगरट, बियाणे, खत. हातात डिसेंबरातले काही उरलेले नसते आणि पुढचे भात सहा महिने लांब असते. त्या मे महिन्यात सावकार दारात येतो. त्याला गावात शिरायला दुसरा महिना लागतच नाही.

हा मे महिना ज्याने सोडवला नाही त्याने काहीही सोडवले नाही, असे माझे ठाम मत आहे.

तू म्हणशील, मावशी सगळीकडे तेच पाहते. पाहते, कारण ते तिथे आहे. सरकारी योजनाच घे. २००१ मध्ये दर गावाला दहा लाख बाहतचा (बाहत म्हणजे थाई चलन) ग्रामनिधी मिळाला, सत्तर हजारांहून जास्त गावांना. इतका पैसा इतक्या झपाट्याने खेड्यात पोचवणे ही मोठीच गोष्ट होती, मी तिला नावे ठेवणार नाही. पण त्यातून गावकऱ्यांना मिळणारे कर्ज एका वर्षाचे आणि फेड एकरकमी. ज्याची फेड नेमकी हात रिकामा असताना आली त्याने काय केले, ते तुझ्याच गावातल्या कुठल्याही बाईला विचार. सावकाराकडून चार दिवसांसाठी उचल, ग्रामनिधी फेडला, नवे कर्ज मिळाले की सावकाराला परत, आणि मधल्या चार दिवसांचे व्याज गेले ते गेलेच. कागदावर परतफेड चोख.

किंवा भाताची हमी खरेदी. २०११ मध्ये सरकारने जास्मिन भाताला टनामागे २०,००० बाहत देऊ केले. बाजारभावाच्या कितीतरी वर. त्या किमतीवर सगळे अर्थतज्ज्ञ तुटून पडले, आणि तिजोरीला खड्डा पडला हे खरेच आहे. मोठ्या शेतकऱ्याचा लाभ मोठा हेही खरे. पण लहान शेतकऱ्याच्या बाजूने बघ: २०१३-१४ च्या हंगामात भात गोदामात गेले आणि पैसे महिनोन् महिने आलेच नाहीत. भाव इतका उंच, आणि माणसे पावत्या हातात धरून रस्त्यावर बसलेली. उशिरा आलेल्या वीस हजारांपेक्षा वेळेवर आलेले बारा हजार त्या घराला अधिक उपयोगी पडले असते.

आता दुसरी बाजू बघ. आजीला दरमहा वृद्धभत्ता मिळतो. साठीनंतर ६००, सत्तरीनंतर ७००, ऐंशीनंतर ८००, नव्वदीनंतर १,००० बाहत. तू लिहितोस, 'एवढ्याशा रकमेने काय होणार?' बाळा, गावातल्या दुकानात जाऊन बस. ही रक्कम दर महिन्याच्या दहा तारखेला येते, पाऊस पडो न पडो. दुकानदार तिच्या भरवशावर तेल, फिशसॉस, अंडी उधार देतो. त्या घरात डिसेंबर सोडून उरलेल्या अकरा महिन्यांत नक्की येणारा तेवढाच पैसा आहे. ती रक्कम वाढवा असे मी जन्मभर म्हणत आले आहे आणि अजून म्हणते, पण ती एवढीशी आहे म्हणून तिला अहवालातून वगळू नकोस.

आणि तीस बाहतची आरोग्य योजना, म्हणजे दवाखान्याच्या एका भेटीला फक्त तीस बाहत. तीही २००१ सालचीच. तुमच्या पिढीला ती आकाशातून पडल्यासारखी वाटते. आजारपण मुहूर्त बघून येत नाही. लावणीच्या वेळी बापाचे अपेंडिक्स फुटले की बैल विकायचे, मग जमीन, मग मुलीची शाळा. अशी घरे बसलेली मी पाहिली आहेत. ती योजना आली आणि घर बसण्याचे हे एक कारण बरेच मागे हटले. १९९० मध्ये थायलंडात शंभरांतले ५८ लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०२० मध्ये ६.८ टक्के, आकडे जागतिक बँकेचे आहेत. कारखान्यांतली मजुरी, लहान झालेली कुटुंबे, शाळा, दवाखाना, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. एकट्या भातशेतीच्या बळावर फार थोडी घरे वर आली. आणि मजुरी दरमहा येते, भात वर्षातून एकदा, हे त्या यशाच्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

'भातापेक्षा चांगले पीक कोणते', या प्रश्नाचा मला आता खरोखर वीट आला आहे. कसावा, म्हणजे साबुदाणा करतात तो कंद, झाला. युरोपातल्या गुरांच्या खाद्यासाठी अर्धा इसान कसाव्याखाली गेला. मग रबर. रबराचा चीक निघायला सहा-सात वर्षे लागतात. ज्याच्याकडे सहा महिन्यांची सोय नाही त्याला सात वर्षांचे पीक सुचवणारे लोक मी बैठकींत पाहिले आहेत. त्यांचे ऐकून लावलेल्या झाडांतून चीक निघू लागला तोवर २०११ नंतरची घसरण सुरू झाली होती.

पीकच बदलायचे असेल तर महिने भरून काढणारे बघ. शेततळे, त्यात मासे, बांधावर केळी, लेमनग्रास, मिरची, खाली बदके. राजे भूमिबोल यांनी मांडलेली ३०:३०:३०:१० ची वाटणी तू ऐकली असशील: तीस टक्के तळे, तीस भात, तीस फळबाग-भाजी, दहा घर-गोठा. वाळूच्या जमिनीत तळे पाणी धरत नाही, तळाशी खार असेल तर पाणीही निकामी, म्हणून ही वाटणी डोळे झाकून कुठेही बसवू नकोस. पण तिच्यामागचा विचार मला पटतो, कारण तो दर आठवड्याला काहीतरी हातात देतो. सकोन नाखोनच्या कुत बाक भागात इनपेंग नावाचे शेतकऱ्यांचे जाळे १९८७ पासून हेच करत आले आहे. जंगलातली खाण्याजोगी झाडे परसात लावतात, माओ नावाच्या फळांचा रस करतात. श्रीमंत कोणी झाले नाही. पण मे महिन्यात सावकाराची वाट पाहायला लागू नये, एवढे साधण्यासाठी ते झटले आणि पुष्कळांना ते साधले.

बचतीचेही तसेच. ट्रात प्रांतातले भिक्खू फ्रा सुबिन आणि सोंगखलाचे शिक्षक खरू चोप योदकेव यांच्या गटांबद्दल वाच. देवळात महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी जमायचे, शब्द दिला तेवढी रक्कम ठेवायची. खरू चोप यांनी तर रोज एक बाहत खर्चातून वाचवा एवढेच मागितले. आणि त्यातून आजारपणाला, बाळंतपणाला, अंत्यविधीला मदत. एक बाहत! विद्वान लोक हसले असतील. पण ज्या घराचा सगळा पैसा एकाच महिन्यात येतो त्याला तो बाराही महिन्यांत पसरवायची सोय तिथे झाली.

माझ्याबद्दलही लिहिते, कारण मी हट्टी आहे असे तुला कोणीतरी सांगितलेले पत्रात दिसले. खोन केनला मी ज्या संस्थेत होते तिथे हिशेबाचे वर्ष ३० सप्टेंबरला संपायचे, सरकारी वर्षासारखे. म्हणून सगळ्या कर्जांची वसुलीही सप्टेंबरात. सप्टेंबरात भात शेतात हिरवे उभे असते! मी म्हटले, वसुली जानेवारीत न्या. नाही म्हणाले, ताळेबंद बिघडतो. मी दर बैठकीला तेच बोलले. मग मला बैठकींना बोलावणे कमी झाले. त्या वर्षी आमच्या गटातल्या एका बाईंनी हप्ता भरण्यासाठी उभे पीक व्यापाऱ्याला आगाऊ विकले, जवळजवळ निम्म्या भावाने. हप्ता वेळेवर आला, वार्षिक अहवालात तिचा फोटो छापला. पुढच्या वर्षी तिची मोठी मुलगी नववीनंतर शाळा सोडून पत्ताया की कुठेतरी कामाला गेली. सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे, म्हणून कोणाला विचारावेसेही वाटले नाही.

ती मुलगी अजून माझ्या मनातून जात नाही. मी तेव्हा बरोबर होते, आणि बरोबर असून उपयोग झाला नाही, ही सल तुला कळेल असे वाटते. मला हट्टी म्हणणाऱ्यांतले काही आज मोठ्या पदांवर आहेत आणि 'हंगामाशी जुळणारी परतफेड' यावर भाषणे देतात. देऊ देत. मी मात्र हप्त्याची तारीख विचारल्याशिवाय कुठल्याही योजनेला चांगले म्हटले नाही आणि पुढेही म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांच्या गटाने १९९८ पासून सोळा थाई खेड्यांत त्याच त्या घरांना दर महिन्याला भेटून जमाखर्च लिहिला. इसानातल्या बुरीराम आणि सिसाकेतमधली गावेही त्यात आहेत. दर महिन्याला, हे लक्षात घे. वर्षातून एकदा येऊन सरासरी काढणाऱ्याला मे दिसतच नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याला उशीर चालणार नाही. कोरिया.

मुलाने जाऊच नये असे मी म्हणणार नाही. उदोन थानीत परदेशच्या पैशावर उभी राहिलेली घरे मी पाहिली आहेत. पण आधी विचार, तो जातो कसा? २००४ पासून कोरियाला थाई कामगार दोन सरकारांमधल्या करारातून जातात. कोरियन भाषेची परीक्षा असते, थांबावे लागते, पण त्या मार्गात लाखो बाहत मागणारा दलाल लागत नाही. दलाल एवढी रक्कम मागतो म्हणजे बहुधा पर्यटक म्हणून नेऊन तिथेच लपवून ठेवण्याचा बेत आहे. इस्रायलला शेतमजूर जायचे तेव्हाही दलाल असेच घरे पिळून काढत. २०१२ पासून दोन देशांच्या सहकार्यातून भरती सुरू झाली तेव्हा तो खर्च एकदम खाली आला. दलालाच्या व्यवहारात देणे आज, मिळणे पुढे कधीतरी, आणि पकडला गेला तर कधीच नाही. बारा महिन्यांच्या तुझ्या कागदावर हे मांड आणि ते आजीसमोर ठेव. तिला सहा इयत्तांचे शिक्षण असेल, पण महिने तिला तुझ्यापेक्षा चांगले कळतात.

आणि तो कागद. तू 'गहाण' लिहिले आहेस. तुझ्या वर्णनावरून मला तो 'खाय फाक' वाटतो, आपल्याकडच्या मुदत खरेदीसारखा. त्यात सही होताच मालकी घेणाऱ्याकडे जाते. ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तरच जमीन परत, एक दिवस चुकला तर गेली. आजीला हे कोणी सांगितले आहे का? तिला वाटत असेल, साधे कर्ज आहे.

२०१९ मध्ये शेतजमीन आणि राहत्या घरांसाठी यावर कायदा झाला. मुदत एका वर्षापेक्षा कमी ठेवता येत नाही, दहापेक्षा जास्त नाही. सोडवून घेताना द्यायच्या वाढीव रकमेला वर्षाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. मुदत संपण्याआधी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान घेणाऱ्याने लेखी कळवले पाहिजे. तोवर शेत आजीच कसणार. तो माणूस पैसे घ्यायला टाळाटाळ करू लागला तर जमीन कार्यालयात रक्कम जमा करता येते. व्यवहार अजून झाला नसेल तर होऊ देऊ नकोस. आजीने करायचाच म्हटले, कारण जमीन तिची आहे आणि मुलगाही तिचा, तर निदान मुदत कोणत्या महिन्यात संपते ते बघ. मे ते ऑक्टोबरमधली कुठलीही तारीख नको. जानेवारीची अखेर माग, भात विकून झालेले असते.

सही कधी व्हायची आहे ते तू लिहिले नाहीस. आज रात्री फोन करून सांग.

तुझी,
मावशी