वन्यजीव चित्रकाराला सतत जंगलात फिरावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी बारावीत आहे, तिला प्राणी-पक्षी-कीटकांची चित्रं काढण्यातच पुढे जायचंय. तर या लोकांचं सगळं आयुष्य रानावनात भटकण्यात जातं का, आणि असं आयुष्य खरंच जगलेल्या कुणाचं उदाहरण आहे का.

मी गेली अठरा वर्षं निसर्गावरच्या पुस्तिका आणि माहितीफलकांसाठी चित्रं काढतो. वर्षातले पंधरा-वीस दिवस बाहेर, बाकी टेबल, दिवा आणि मानदुखी. पैशाचं म्हणाल तर एका संस्थेने फुलपाखरांच्या फलकाचे पैसे आठ महिन्यांनी दिले, तेही 'राणी पाकोळी जरा मोठी करा, आपलं राज्य फुलपाखरू आहे' म्हणून तीनदा हेलपाटे घालायला लावून. मोठी केली. आता त्या फलकावर ती शेजारच्या खंड्याएवढी दिसते. असो.

उदाहरण मात्र तुम्हाला साडेतीनशे वर्षांपूर्वीचं देतो: किड्यांची चित्रं काढणारी जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियान. जन्म १६४७, फ्रँकफर्ट. वडील नावाजलेले कोरीवकाम करणारे आणि प्रकाशक, पण ही तीन वर्षांची असतानाच गेले. आईने दुसरं लग्न केलं ते फुलांची चित्रं काढणाऱ्या याकोब मारेलशी, आणि रंग-कुंचला हिच्या हातात आला तो या सावत्र वडिलांकडून. तेराव्या वर्षी हिने घरात रेशीमकिडे पाळले. पुढे गावातले बाकीचे सुरवंट आणि अळ्या, ज्या मिळतील त्या.

हे वर्ष १६६०. किडे चिखलातून, शेणातून, कुजक्या मांसातून आपोआप होतात असं तेव्हा भलेभले मानत. हसू नका, आपल्याकडेही जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज अशी वर्गवारी होतीच की, आणि घामातून, ओलाव्यातून जन्मणारे ते स्वेदज. इटलीत फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने मांस झाकून ठेवलं तर त्यात अळ्या होत नाहीत हे दाखवलं ते १६६८ मध्ये. त्याच्या आठ वर्षं आधी ही पोर अळीला पानं घालत होती, कात टाकताना बघत होती, कोष फुटायची वाट बघत होती आणि सगळं लिहून ठेवत होती. चर्मपत्राच्या छोट्या तुकड्यांवरची तिची ती चित्रं पुढे निळसर कागदाच्या चौकटीत बसवलेली होती, शेजारी नोंदी. ती वही आज सेंट पीटर्सबर्गला आहे.

लग्न झालं, दोन मुली झाल्या, न्यूरेंबर्गला संसार झाला. १६७९ मध्ये सुरवंटांवरचं पहिलं पुस्तक आलं, पन्नास चित्रांचं. त्यात नवीन काय होतं? अंडी, अळी, कोष आणि पंख फुटलेला जीव हे सगळं एकाच चित्रात, आणि तेही ती अळी जे झाड खाते त्याच झाडावर. आज शाळेच्या भिंतीवरच्या फुलपाखराच्या तक्त्यात आपण हेच बघतो, म्हणून त्याचं काही वाटत नाही. तेव्हा किडे म्हणजे रांगेत टोचलेले नमुने.

एक गोष्ट मला या बाईंच्या फार जवळची वाटते. कधीकधी त्यांच्या कोषातून फुलपाखरू यायचंच नाही, माश्या यायच्या. त्यांना ते उलगडलं नाही, पण त्यांनी माश्याही काढून ठेवल्या. माझ्या घरी हेच झालं. कढीपत्त्यावरची अळी पाळली होती, छान हिरवीगार, हात लावला की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढून घाण वास सोडणारी. कोष झाला. दहा दिवस गेले, बारा गेले. तेराव्या दिवशी कोषाच्या बाजूला टाचणीने पाडावं तसं भोक, आणि डब्याच्या झाकणाला आतून मोहरीपेक्षा बारीक, काळपट हिरव्या, चमकणाऱ्या वीसेक माश्या चिकटलेल्या. परजीवी गांधीलमाश्या, कोषाला आतून खाऊन मोठ्या झालेल्या. आपल्या कीर्तनात भृंगाचा दृष्टांत असतो ना, कुंभारीण अळीला घरट्यात कोंडते, भोवती गुणगुणते आणि ध्यास घेऊन अळीच कुंभारीण होते? प्रत्यक्षात ती अळी कुंभारणीच्या पिलाची शिदोरी असते. दृष्टांत सांगणाऱ्याने बघितलं अगदी बरोबर होतं, अळी आत गेली आणि माशी बाहेर आली. मधलं तेवढं दिसलं नाही.

आता प्रवास, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. १६८५ मध्ये बाई नवऱ्याला सोडून, आई आणि मुलींना घेऊन हॉलंडमधल्या एका कडक धार्मिक पंथाच्या वसाहतीत जाऊन राहिल्या. तिथून १६९१ ला ॲमस्टरडॅम. हे व्यापाराचं शहर, श्रीमंतांच्या कपाटांत जगभरातली मेलेली फुलपाखरं. बाईंनी ती पाहिली आणि त्यांना एकच टोचणी लागली: यांची अळी कुठेय? ही खातात काय? ते कपाटवाल्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली २५५ चित्रं विकून त्या धाकट्या मुलीला, एकवीस वर्षांच्या डोरोथियाला, घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला जहाजाने निघाल्या. कुठल्या राजाची मोहीम नाही, सोबत नवरा नाही. तिथले डच मळेवाले हसले. साखर सोडून इथे शोधण्यासारखं आहे काय, म्हणाले. उकाडा इतका की काम करवत नव्हतं. जंगल काट्यांनी भरलेलं, आणि इथे मेरियानबाईंबद्दल एक कडू गोष्ट सांगायलाच हवी: वाट पाडायला त्या कुऱ्हाडी देऊन गुलामांना पुढे पाठवत. 'माझे गुलाम' असं स्वतःच लिहिलंय. अळ्या-पानं आणून देणारे, कुठली वनस्पती कशाला वापरतात ते सांगणारे तेच गुलाम आणि तिथले मूळ रहिवासी. या प्रवासावर पुढे जे पुस्तक निघालं, त्यावर नाव एकाचंच आलं.

पण त्याच पुस्तकात एक पान असं आहे की ते दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं. चित्र आहे शंकासुराचं. हो, आपल्या अंगणातला, लाल-पिवळ्या तुऱ्यांचा, लांब पुंकेसरांचा शंकासुर. त्यावर एक अळी आणि पतंग. शेजारच्या मजकुरात बाई लिहितात की मालक छळतात म्हणून इथल्या बायका या झाडाच्या बियांनी गर्भ पाडतात, आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये म्हणून. 'आणि हे मला त्यांनी स्वतः सांगितलं,' असंही बाई लिहितात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असलेलं ते झाड काही दिवस वेगळंच दिसत होतं.

१७०१ मध्ये ताप अंगात मुरल्यामुळे त्यांना परतावं लागलं. सोबत ब्रँडीत बुडवलेले प्राणी, दाबून वाळवलेली फुलपाखरं आणि चर्मपत्रावरची चित्रं. पुस्तक १७०५ मध्ये आलं, साठ चित्रं, खर्च स्वतःचा. काही प्रती तर कशा केल्यात बघा: तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला कागद ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या कागदावर दाबायचा. त्यावर फिकट, उलटा ठसा येतो. तो रंगवला की काळी रेघ जवळपास दिसतच नाही, हाताने काढलेलं चित्र वाटतं. हे वाचून मीही करून पाहिलं. चार कागद फुकट गेले, पाचव्यावर बेडूक बरा आला.

चुका? आहेत. पेरूच्या फांदीवर भलामोठा कोळी गुंजन पक्ष्याला (हमिंगबर्डला) खातोय असं त्यांचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यातल्या घरट्यात चार अंडी दाखवलीत, हा पक्षी दोनच घालतो. एका किड्याचं डोकं रात्री दिव्यासारखं उजळतं असं लिहिलं, ते तसं नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात या चुकांवरून त्यांना खोटं ठरवणारे पुष्कळ निघाले, आणि कोळी पक्षी खातो हीही थाप, म्हणाले. मग हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने ॲमेझॉनमध्ये कोळ्याच्या तावडीत सापडलेले पक्षी स्वतः पाहिले आणि १८६३ मध्ये तसं छापलं. टीका करणारे बहुतेक जण सुरीनामला गेलेच नव्हते.

बाई १७१७ मध्ये गेल्या. त्याच सुमारास रशियाच्या झार पीटरसाठी त्यांची चित्रं खरेदी झाली, आणि डोरोथियाही पुढे सेंट पीटर्सबर्गलाच कामाला गेली. युरो येण्याआधीच्या जर्मनीत पाचशे मार्कांच्या नोटेवर मेरियानबाईंचा चेहरा होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जवळपास सत्तर वर्षांच्या आयुष्यात या बाईंचं जंगल दोन वर्षांचंही नाही. बाकी सगळं घरात, डब्यांतल्या अळ्यांपुढे. मुलीला जंगलाचं तिकीट आत्ताच काढून देऊ नका. पावसाळ्यात कढीपत्त्याची कोवळी पानं उलटसुलट करून बघायला सांगा. पक्षी शिटलाय असं वाटेल, ती लहान वयातली अळी. रोज ताजी पानं, डब्यात एक काडी तिरकी, खाली वर्तमानपत्र, आणि रोज एक चित्र, तारीख घालून. झाकणाला भोकं सुईनेच पाडा. मी पहिल्यांदा कात्रीने मोठी पाडली होती, त्यातून कोष करायच्या बेतात आलेली एक अळी रात्रीत निघून गेली. तीन आठवड्यांनी दिवाळीची साफसफाई करताना बायकोने घड्याळ खाली काढलं, तर मागे कोषाचं टरफल.