विचारा ताईला: ग्रामसभेत हात वर करायच्या आधी

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की आपल्या गोव्यात वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, कामं व्हायला हवी असतील तर ग्रामसभेला जाऊन बसा, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी सासू-सून, गुडघेदुखी, अ‍ॅडमिशन सगळं बाजूला ठेवलंय. दोन टर्म पंच, म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य, होते, त्यामुळे जे स्वतः बघितलं, काही ठिकाणी स्वतः चुकले, त्यावरून लिहिते. कुठे तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही म्हणता ग्रामसभेला जा. मी तीनदा गेले. दोनदा नुसती भांडणं, आणि एकदा आमच्या वाड्यावरच्या गटाराचा विषय काढला तर सरपंच म्हणाले यंदाचं सगळं ठरलंय, पुढच्या वर्षी बघू. मग जायचं तरी कशाला? (डिचोली तालुका)

सरपंच खोटं नाही बोलले, तेच तर दुखणं आहे. यंदाचं खरंच ठरलेलं असतं, कारण ते गेल्या वर्षी ठरलं, आणि तेव्हा आपण चवथ आटपून दिवाळीच्या मागे लागलो होतो. गोव्यात पंचायत कायदा 1994 चा, त्याप्रमाणे ग्रामसभेच्या साध्या सभा वर्षाला चार, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी. आता गर्दी कधी होते बघा, जुलैत. रस्ता वाहून गेलेला असतो, व्हाळाचं पाणी उंबऱ्याला लागलेलं असतं, मग सगळे तावातावाने येतात. पण एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षात कुठलं काम करायचं याचा ग्रामपंचायत विकास आराखडा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून बनायला लागतो, 2018 पासून तर 2 ऑक्टोबरपासून त्याची देशभर मोहीमच चालते. म्हणजे जुलैत ओरडून आपला राग नोंदवला जातो, काम नोंदवलं जात नाही. ऑक्टोबरची सभा मात्र अर्धी रिकामी! मी पंच असताना एका ऑक्टोबरला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी अशी गत होती, आणि जे दहा-बाराजण आले त्यांच्या वाड्यांची कामं यादीत गेली. कारस्थान वगैरे काही नाही, आले त्यांनी मागितलं एवढंच.

दुसरं म्हणजे मागायचं कसं. इथे माझीच चूक सांगते. पहिल्या वर्षी आमच्या वाड्यावरच्या बायकांनी गटार मागितलं, मीही जोरात पाठिंबा दिला, ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं "वाड्यावरील गटाराची सुधारणा करणे". वाड्यावर गटारं दोन. काम झालं ते दुसऱ्या गटाराचं, जिथे टेंपो थेट रस्त्यापर्यंत जातो आणि रेती डोक्यावरून न्यावी लागत नाही. कंत्राटदाराला काय बोलणार, कागदाप्रमाणे त्याने बरोब्बर केलं होतं. कागद कोणी नीट वाचला नव्हता? मी.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात एका रविवारी संध्याकाळी चार वाजता आम्ही सात-आठ बायका आणि एक रिटायर्ड मास्तर, सुताराकडून मागून आणलेली टेप घेऊन वाडा पायी फिरलो. तोवर सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी, लाईटचे खांब पाहिजेत. मोजले तर खांब सहा होते आणि त्यातल्या दोनांचे दिवे गेलेले! म्हणजे ती मागणी नव्हतीच, ती तक्रार होती, एका अर्जाने सुटली. खरी अडचण कोणी बोलतच नव्हतं, ती पिंपळाच्या पारापासून देवळाच्या पायरीपर्यंतच्या उघड्या गटाराची, म्हाताऱ्या बायका हातात ताट घेऊन त्याच्या काठाने तिरक्या चालायच्या आणि सगळ्यांना त्याची एवढी सवय झालेली की ते कोणाला दिसेनासं झालेलं. मोजलं, 11 मीटर. मग अर्जात तसंच लिहिलं, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, वर स्लॅब, सोबत दोन फोटो आणि चाळीस सह्या. अर्ज सभेची नोटीस लागल्या लागल्या दिला, सभेत तोंडी विषय काढत बसलो नाही, कारण शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" येईपर्यंत अर्धी माणसं जेवायला घरी गेलेली असतात. आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात ना, जेव्हा सगळे गप्पा मारत असतात, तेव्हा कान देऊन ऐकलं. एक शब्द गाळला होता, तिथल्या तिथे घालून घेतला.

आमच्या वाड्यावर शिगम्याचा मांड (सणाला सगळे जमतात ती जागा) आहे, तिथे चार बाकडी आणि एक दिवा 2025-26 च्या आराखड्यात घाला म्हटलं. उत्तर आलं की वित्त आयोगाचा पैसा फक्त पाण्याला आणि कचऱ्यालाच चालतो. खरं की टोलवाटोलवी? (फोंडा)

अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच टोलवाटोलवी छान जमते.

पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी पंचायतींना ठरला त्यातला 60 टक्के बांधलेला, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच. त्यातला अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं वगैरेंना आणि अर्धा स्वच्छतेला, कचऱ्याला. उरलेला 40 टक्के मोकळा, पगार आणि ऑफिसचा खर्च सोडून गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येईल असा. शिवाय पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वेगळं, घरपट्टी, परवान्यांची फी, बांधकामांची फी, किनाऱ्याजवळच्या पंचायतींचं हे बरंच असतं, आतल्या गावांचं तुटपुंजं. म्हणून "पैसे आहेत का" असं कधी विचारू नका, त्याचं उत्तर नाहीच येणार. मोकळ्या भागात यंदा किती रुपये आहेत आणि ते कुठल्या कुठल्या कामाला लावलेत, असं विचारा. सभेत विचारा, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येतं.

पण तुमच्या पत्रात मला पैशापेक्षा वेगळीच शंका आली. मांडाची जागा कोणाच्या नावावर आहे? देवस्थान, कोमुनिदाद (जुनी गावकारी संस्था), भाटकार (जमीनदार)? आपल्याकडे चांगली चांगली कामं पैशावाचून नाही, जागेच्या ना-हरकत दाखल्यावाचून अडतात. आधी एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबाराच) काढून बघा, मालकाचं पत्र हातात ठेवा आणि मग बाकडी मागा. उलट केलं तर ठराव होईल, एस्टिमेट होईल आणि फाईल तिथेच झोपेल.

आम्ही म्हापशात फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला ग्रामसभा नाही. नगरपालिकेच्या बजेटमध्ये आमचं कोण ऐकणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला कारण शहरातल्या माणसाचं खरंच वाईट आहे या बाबतीत. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीत शहरांसाठी वॉर्ड समित्या आल्या, पण सक्तीच्या कुठे, तर 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तिथे. आपल्या गोव्यात 2011 च्या जनगणनेत मुरगाव पालिका 94 हजार, मडगाव 88 हजाराच्या आत, पणजी आणि म्हापसा चाळीस हजाराच्या आसपास. म्हणजे 13 नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका, एकही त्या रेषेच्या जवळपास नाही! दोनशे उंबऱ्यांच्या गावातला माणूस हक्काने उभा राहून हिशेब मागू शकतो आणि म्हापशाच्या चौथ्या मजल्यावरच्याला नगरसेवकाच्या दारात उभं राहावं लागतं.

पुण्यात बघा, 2006 पासून महापालिका दरवर्षी नागरिकांकडून अर्ज मागवते, पुढच्या बजेटमध्ये तुमच्या भागात काय हवं ते लिहून द्या म्हणून. कामं छोटी असतात, फूटपाथ दुरुस्ती, बसस्टॉप, बाकडी, दिवे, एका कामाला 5 लाखांपर्यंतची मर्यादा. मी काही त्याचं फार कौतुक करणार नाही, कारण अर्ज भरणं म्हणजे ठरवणं नव्हे, ठरवणारे शेवटी ऑफिसातच बसलेले. तरी एक फॉर्म आहे, तारीख आहे, म्हणजे हातात धरायला काहीतरी आहे. आपल्याकडे पालिकेला असा फॉर्म काढायला कोणी मनाई केलेली नाही. तोपर्यंत तुम्ही एक करा, सोसायटी एकटी जाऊ नका. त्याच रस्त्यावरच्या चार-पाच सोसायट्या आणि खालचे दुकानवाले मिळून एकच काम मागा, मुख्याधिकारी आणि नगरसेवक दोघांना एकाच दिवशी, आणि बजेट बनतं त्याच्या आधी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. पाच सोसायट्यांनी पाच कामं मागितली तर पालिकेला निवड करायची आयती संधी मिळते आणि मग त्यातलं कुठलं निवडतील ते तुम्हाला माहीत आहे.

लग्न होऊन पेडण्याला आले, मतदार यादीत नाव अजून माहेरी. ग्रामसभेत बोलू शकते का?

नाव यादीत असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. कोणी हटकणार नाही कदाचित, पण मत मोजायची वेळ आली की नेमकं हटकतात. फॉर्म 8 भरा, पत्ता बदलून घ्या, ऑनलाईन होतो. पुढचा प्रश्न.

आमच्या आजोबांच्या काळी गावकारी सगळं ठरवायची, बांध कोणी बांधायचा, तळी कोणी उपसायची, सगळं. तुम्ही लोक आता हे काहीतरी नवीन असल्यासारखं सांगता. (सत्तरीहून एक काका)

काका, पत्र वाचून बरं वाटलं, तुमचं अक्षर पण काय सुंदर! आणि म्हणणं निम्मं पटलं. शेताची पावणी (लिलाव) करायची, त्या पैशातून बांध, मानस (पाणी अडवायची दारं), देऊळ यांचा खर्च भागवायचा आणि उरलं ते गावकारांना जोण म्हणून वाटायचं, ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची, त्यांनी तिला कोमुनिदाद नाव दिलं आणि शेवटी 1961 मध्ये त्याचा अख्खा कोड काढला. खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांचे) बांध शेकडो वर्षं उभे राहिले ते काय वरून आलेल्या फंडावर नाही. आज बांध फुटला की आपण आमदाराला फोन करतो, तेव्हा फुटायच्या आधी माती पडायची.

पण काका, त्या बैठकीत तुमच्या आजी होत्या का? आणि शेतात राबणारे? हक्क गावकारांचा, तोही पुरुष वारसांचा. मी ज्या खुर्चीवर दहा वर्षं बसले ती त्या व्यवस्थेत मला कुठून मिळाली असती.

नवीन काय ते सांगते. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे, तिथेही बोलतात पोर्तुगीजच. 1989 मध्ये तिथल्या पालिकेने शहराच्या बजेटमधला कामांचा पैसा वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन ठरवायला सुरुवात केली. सभा तर आपल्याकडेही होतात. मला त्यातली गुणांची पद्धत महत्त्वाची वाटते. लोकांनी कुठलं काम आधी मागितलं याला गुण, वस्तीत माणसं किती याला गुण, आणि तिथे ती सोय आधीच किती कमी आहे यालाही गुण. त्यामुळे जिथे नळ नाही, गटार नाही तिथे पैसा आधी जायला लागला, मग त्या वस्तीतल्यांचा आवाज कितीही बारीक असो. आपल्या ग्रामसभेत देवळाजवळचा वाडा आणि शेवटचा धनगरवाडा यांना सारखेच गुण, म्हणजे शून्य, आणि मग माईक ज्याच्या हातात त्याचं काम. केरळने 1996 मध्ये लोकयोजना काढली तेव्हा राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा खाली पंचायती-पालिकांना दिला. पैसा एवढा असला की माणसं सभेला येतात हो. नुसत्या चहा-बिस्किटाला कोण येणार.

ताई, आमच्या ग्रामसभेत पायवाटेचा ठराव झाला, दोन वर्षं झाली. सचिवांना विचारलं की "पळोवया" (बघूया). किती पळोवचं? (बार्देश)

आधी घरबसल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जा, 2020 पासून चालू आहे, लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की त्या वर्षीच्या आराखड्यातली कामं दिसतात आणि कुठल्या कामाला किती पैसे गेले तेही. पोरांना सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. तुमची पायवाट तिथे नसेल तर ठराव झाला पण आराखड्यात गेलाच नाही, मग ऑक्टोबरात नव्याने मागा, मीटरसकट. तिथे असेल आणि पैसे गेलेले दिसत असतील तर मात्र विषय वेगळा.

दोन्ही बाबतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं की पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्याकडे. त्यात "काम का झालं नाही" असं विचारू नका, "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, आणि इथेच निम्मे अर्ज वाया जातात. ठरावाची प्रत मागा, त्या कामाच्या एस्टिमेटची प्रत मागा, फाईल आज कुठल्या टेबलावर आहे आणि तिथे कुठल्या तारखेला पोचली त्याच्या नोंदीची प्रत मागा. अर्ज दोन प्रतींत न्या. सचिव म्हणतील ठेवून जा, पळोवया. तुम्ही हसून बसून राहा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक नंबर आणि शिक्का पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.