ऑस्ट्रेलिया ब्रिटिशांनी वसवला, तरी तिथे अँग्लिकनांपेक्षा (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या अनुयायांपेक्षा) कॅथलिक जास्त कसे?

कारण ब्रिटिशांच्या जहाजांतून आयरिश कैदीही आले, आणि ते बहुतेक कॅथलिक होते. 1788 मध्ये पहिल्या ताफ्यासोबत रिचर्ड जॉन्सन हा अँग्लिकन पाद्री होता. रविवारच्या प्रार्थनेला कैद्यांना सक्तीने बसवत, मग तो कॅथलिक का असेना. स्वतःच्या पद्धतीने उपासना करायची मुभा कॅथलिकांना 1803 मध्ये मिळाली. ती उपासना चालवणारा जेम्स डिक्सन हा धर्मगुरू स्वतःच कैदी होता, 1798 च्या आयरिश उठावावरून हद्दपार केलेला. त्याचा पोशाख जुन्या पडद्यांच्या कापडातून शिवला होता आणि उपासनेतला द्राक्षारसाचा प्याला एका कैद्याने कथलाचा घडवला होता, असं सांगतात. 1804 मध्ये सिडनीजवळच्या कासल हिलला आयरिश कैद्यांनी बंड केलं आणि ती परवानगीही गेली. मला हा सगळा भाग फार अस्वस्थ करतो. सरकारमान्य कॅथलिक धर्मगुरू थेट 1820 मध्ये आले.

1836 च्या चर्च कायद्याने अँग्लिकन, कॅथलिक, प्रेसबिटेरियन अशा सगळ्याच पंथांना सरकारी मदत सुरू झाली. 1838 पासून प्रशियातले जर्मन लुथरन पंथाचे लोक दक्षिण ऑस्ट्रेलियात वसले.

खरं पारडं फिरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. इटली, माल्टा, पोलंडमधून कॅथलिक आले, ग्रीसमधून ऑर्थोडॉक्स. 1986 च्या जनगणनेत कॅथलिक अँग्लिकनांच्या पुढे गेले. 2021 मध्ये कॅथलिक सुमारे 20 टक्के, अँग्लिकन 10 च्या आत. एकूण ख्रिस्ती मात्र निम्म्याहून कमी, 43.9 टक्के. केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या कॅथलिक लोकांचा तर मेलबर्नला स्वतंत्र धर्मप्रांत आहे.