पाच ओळी आणि दोन फासे

प्रिय,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. रविवारी पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं होऊन, बोलत-बोलत खेळायचा साहसखेळ खेळायला येणार, डीएम म्हणजे खेळ चालवणारी म्हणून तू पहिल्यांदाच बसणार, आणि त्यासाठी लिहायला घेतलेली गोष्ट तिसऱ्या प्रकरणात अडकलीय. अगं, ती तिथेच राहू दे. नोकरी करणारी पाच माणसं दर आठवड्याला एका टेबलाभोवती जमतील या भरवशावर वीस भागांची कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी लांब गोष्ट, रचू नये. कुणाचा रिलीज येतो, कुणाकडे पाहुणे. जे येतील त्यांच्यासोबत सुरू होऊन त्याच बैठकीत संपेल असं साहस घे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त टेबलावरच घडू दे.

माझी फजिती ऐक. पहिल्या कॅम्पेनसाठी मी चाळीस पानं लिहिली होती. राजघराणी, शाप, नकाशे, सगळं. पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, आमच्यातल्या चोराचं पात्र घेतलेल्या खेळाडूने तो मंतरलेला नकाशा सरायवाल्याला विकला आणि त्या पैशांत खेचर घेतलं. मी तासभर सगळ्यांना नकाशाकडे ओढत होतो, ते खेचराचं बारसं करत होते. मजा खेचरापाशी चालली होती आणि मी पानं उलटत बसलो होतो.

मी मूळचा कुडाळकडचा, हे तुला माहीत आहे. जत्रेत दशावतार बघत कित्येक रात्री जागवल्यात. पारंपरिक दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा, कोण ऋषी, कोण राक्षस हे ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या होतात. समोर एक बाकडं, तेच सिंहासन. लहानपणी मला वाटायचं, यांना हे आयत्या वेळी सुचतं कसं? पुढे कळलं की राजाने कसं बोलायचं, लढाईआधी कशी खडाजंगी घालायची, पुराणात कोण कुणाचा वैरी, हे त्या नटांच्या जिभेवर आधीच बसलेलं असतं. आयत्या वेळचं सुचणं त्या साठ्यावर चालतं.

तुझा साठा पाच ओळींत मावला पाहिजे. उदाहरण देतो. डोंगरातल्या खाणीत गोब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, शिरलेत. त्यांच्या म्होरक्याला घरी जायचंय, पण खालच्या बोगद्यात ट्रोल, म्हणजे धिप्पाड राक्षस, बसलाय. खाणमालकिणीवर कर्ज आहे, आठ दिवसांत खाण सुरू झाली नाही तर ती तिच्या हातून जाणार. तिचा धाकटा भाऊ गोब्लिनांना चोरून पीठ विकतो. कुणीच काही केलं नाही तर आठवड्याभरात उपाशी गोब्लिन गावात उतरतील. बस. यात ‘मग पुढे काय होतं’ कुठेच लिहिलेलं नाही, ते खेळाडू सांगतील. कुणाला काय हवंय एवढं पक्कं असलं की त्यांनी कुठलाही दरवाजा उघडला तरी पलीकडचा माणूस काय बोलेल हे तुला कळतं.

दुसरा आधार जुन्या नियमांत आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1981 च्या बेसिक संचात एक छोटा तक्ता आहे. राक्षस समोर आला की दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे. 2 आले तर थेट हल्ला, 12 आले तर चक्क दोस्ती, मधे सगळ्या छटा. 6 ते 8 म्हणजे समोरचा अजून ठरवतोय, आणि 36 पैकी 16 वेळा हेच येतं. म्हणजे बहुतेक भेटी तलवारीने सुरू होत नाहीत!

हेच खाणीचं साहस मी एकदा चालवलं. दार उघडलं, आत पाच गोब्लिन. मी लढाईच्या तयारीत. फासे पडले 11. ऐकून घेणार. मी विचारलं, “यांची भाषा कुणाला येते?” कुणालाच नाही. मग आमच्या पुजारणीने पिशवीतून भाकरी काढून पुढे धरल्याचा अभिनय केला. मी गोब्लिन झालो, भाकरी घेतली, खालच्या बोगद्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःचाच गळा दाबून धरला. पुढची वीस मिनिटं टेबलावर नुसत्या खाणाखुणा. ते वहीत कुठून आलं असतं?

बाकी किरकोळ. एखादी गोष्ट जमायला खेळाडूने फाशाने किती गाठायचं, त्यासाठी 10, 15 आणि 20 हे तीनच आकडे लक्षात ठेव: सोपं, मध्यम, अवघड. नियम शोधायला पुस्तक उघडू नकोस, सेशन संपल्यावर बघ. वीस नावं मात्र आधी लिहून ठेव, कारण नेमकी तीच ऐनवेळी सुचत नाहीत. माझ्या जगात एकाच नावाचे तीन सरायवाले झाले होते. खेळाडूंनीच ठरवलं की तो एकच माणूस आहे आणि त्यांचा पाठलाग करतोय. मी मान डोलावली. पुढची दोन साहसं त्यावर निघाली.

आता शेवट, कारण नवे डीएम तिथेच फसतात. बेन रॉबिन्स नावाच्या डीएमने चालवलेल्या ‘वेस्ट मार्चेस’ खेळात एक पद्धत होती: सेशन संपताना सगळे गावात परत. पुढच्या वेळी कोण येईल याची चिंता नाही. तूही तेच कर. तीन तास असतील तर सव्वादोन तास झाल्यावर नवं दालन उघडायचं नाही. परतायचं कारणही जुन्या नियमांत तयार आहे: मशाल दहा-दहा मिनिटांच्या सहा पाळ्या टिकते. “शेवटची मशाल पेटवताय?” एवढं विचार, पावलं आपोआप बाहेर वळतात. ट्रोल जिवंत राहिला तर राहू दे.

मधेच काही सुचलं नाही तर चहा टाक आणि स्वयंपाकघरातून कान देऊन ऐक. खेळाडू आपसांत ज्याची भीती व्यक्त करतात, त्यातलं एक उचल.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझ्या पाच ओळी पाठव. पानभर आल्या तर मी वाचणार नाही.

तुझा,
दादा